फोन कोणाचा, खातं कोणाचं, कमाई कोणाची?
(अभ्यास पाठ – गटाच्या मासिक बैठकीत वाचून चर्चा करण्यासाठी)



चैत्र-वैशाखात आपल्या खान्देशात घरोघरी पापड, कुरडया, शेवया आणि ज्वारीचे बिबडे होतात. पूर्वी हे काम घरापुरतं आणि भाऊबंदांपुरतं होतं. आता अनेक गट तेच विकतात. रावेर-यावलकडे केळीचे वेफर्स होतात, कुठे शिलाई चालते, कुठे दूध, कुठे किराणा, कुठे शेवयांचं मशीन. सरकारी भाषेत या सगळ्यांना ‘सूक्ष्म उद्योग’ म्हणतात.

या उद्योगांना गेली काही वर्षं सगळेच एक गोष्ट सांगतात – डिजिटल व्हा. प्रशिक्षणात सांगतात, बँकेत सांगतात, घरी मुलंही सांगतात. बऱ्याच जणींनी ऐकलंही. दुकानावर क्यूआर कोड लागला, व्हॉट्सॲपवर मालाचे फोटो जायला लागले. पण वर्षाच्या शेवटी डबा उघडला तर कमाई वाढलेली दिसते का? कुणाची वाढते, कुणाची तेवढीच राहते. फोन दोघींकडे असतो, माल दोघींचा चांगला असतो. मग फरक कशाने पडतो? आजचा पाठ याच प्रश्नावर आहे.

डिजिटल होणं म्हणजे काय?

मोठा शब्द बाजूला ठेवू. आपल्या धंद्यात फोनची कामं तीनच.

पहिलं काम नोंदीचं. किती माल केला, किती खर्च झाला, कुणाकडे किती उधारी आहे, हे लिहून ठेवणं.

दुसरं काम पैशाचं. गिऱ्हाइकाकडून पैसे घेणं, व्यापाऱ्याला देणं, कर्जाचा हप्ता भरणं.

तिसरं काम गिऱ्हाइकाचं. नवीन गिऱ्हाईक शोधणं, भाव विचारणं, ऑर्डर घेणं.

बहुतेक ठिकाणी सुरुवात दुसऱ्या कामाने होते, कारण गिऱ्हाईकच विचारतं, “ताई, स्कॅनर आहे का?” मग तिसरं काम येतं. पहिलं काम, म्हणजे नोंद, सगळ्यात शेवटी येतं, नाहीतर येतच नाही. कमाईतला फरक नेमका इथे पडतो. तो कसा, ते पुढे हिशेबातच पाहू.

धंद्याला डिजिटलकडे कोण ओढतं?

छोटे-मोठे उद्योग नवीन तंत्र का घेतात, यावर जगभर अभ्यास झाला आहे. १९९० साली टोर्नाट्झकी आणि फ्लायशर या दोन अभ्यासकांनी एक सोपी मांडणी केली, ती आजही वापरतात. ते म्हणतात, कारणं तीन ठिकाणी शोधा: तंत्रात, आपल्या संस्थेत आणि बाहेरच्या परिसरात. आपल्या गावच्या भाषेत सांगायचं तर साधन, घर आणि बाजार.

साधन: फोन आहे का, रेंज आहे का, खर्च परवडतो का, वापरायला सोपं आहे का. यूपीआय २०१६ साली सुरू झालं. बँक खात्यातून बँक खात्यात येणाऱ्या यूपीआय पैशांवर दुकानदाराकडून टक्केवारी कापली जात नाही, म्हणून भाजीच्या टोपलीपर्यंत ते पोचलं. बोलणाऱ्या डब्याचं भाडं मात्र महिन्याला लागू शकतं, ते घेण्याआधी विचारा. साध्या बटणाच्या फोनसाठीही मार्च २०२२ पासून ‘यूपीआय १२३ पे’ सुरू झालं आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर, जिथे रेंजच येत-जात असते, तिथे मात्र कितीही शिकवलं तरी रोकड आणि वही यांच्यावरच काम चालणार. त्यात त्या बायांचा दोष नाही.

घर: इथे घर म्हणजे आपला गट आणि आपलं कुटुंब दोन्ही. गटात शिकलेली, धीट बाई आहे का? अध्यक्ष-सचिव हिशेब उघडा ठेवतात का? घरात फोन बाईच्या हातात किती वेळ असतो? चांगलं साधन आणून दिलं आणि गटाला ते नकोच असेल, तर ते कपाटात राहतं.

बाजार: गिऱ्हाईक, व्यापारी, बँक, सरकारी नियम, शेजारचा दुकानदार. शेजारच्याने क्यूआर लावला की आपल्यालाही लावावा लागतो. अनुदान थेट खात्यातच जमा होतं, म्हणून खातं चालू ठेवावं लागतं.

आता स्वतःला विचारा: आपल्या धंद्यात आपण फोन वापरायला लागलो ते या तिघांपैकी कशामुळे? बहुतेक जणींचं उत्तर ‘बाजार’ असं येईल. बाहेरच्या रेट्यामुळे सुरुवात होते हे खरं. पण कमाई वाढायला घराची, म्हणजे गटाच्या आतली तयारी लागते. याचं आपल्या जवळचं उदाहरण धुळे जिल्ह्यातच आहे.

धुळ्यातून सुरू झालेला प्रयोग

बचत गटांना बँकेशी जोडण्याचं काम नाबार्डने १९९२ साली सुरू केलं. पण एक अडचण वर्षानुवर्षं तशीच राहिली. गटाचं सगळं दप्तर गटाच्या पेटीत, आणि कर्ज देणारा साहेब तालुक्याच्या शाखेत. गट महिन्याला बैठक घेतो का, बचत किती, अंतर्गत कर्ज किती फिरतं, परतफेड वेळेवर होते का, हे शाखेतून दिसत नव्हतं. वह्या घेऊन बाया बँकेत जायच्या, साहेब पानं उलटायचे, कुठे खाडाखोड, कुठे बेरीज चुकलेली. चांगला गटही मग थांबून राहायचा.

म्हणून नाबार्डने मार्च २०१५ मध्ये ‘ई-शक्ती’ नावाचा प्रकल्प सुरू केला. पहिल्यांदा देशात फक्त दोन जिल्हे निवडले: झारखंडमधला रामगढ आणि आपला धुळे. म्हणजे बचत गटांचं दप्तर संगणकावर नेण्याचा हा देशव्यापी प्रयोग खान्देशातून सुरू झाला, हे आपल्यापैकी अनेकींना माहीतही नसेल. पुढे तो टप्प्याटप्प्याने १०० जिल्ह्यांत आणि त्याच्याही पुढे गेला.

काम असं चालायचं. प्रत्येक गटाची आणि प्रत्येक सदस्याची माहिती एकदा भरून घेतली. नंतर दर बैठकीची बचत, कर्ज आणि परतफेड कार्यकर्ती ॲपमधून भरायची. बैठक झाली की सदस्याच्या फोनवर संदेश यायचा: तुमची बचत इतकी, कर्ज इतकं बाकी. बँकेला त्याच माहितीवरून गटाचा अहवाल आणि प्रतवारी जागेवर बसून पाहता यायची.

या प्रयोगातून आपल्याला तीन गोष्टी शिकता येतात.

एक, कमाईचा रस्ता कर्जाच्या दारातून उघडतो. बँकेला जे दिसतं त्यावरच ती विश्वास ठेवते. गटाचा चांगुलपणा आधीपासून होता, तो दिसायला लागला.

दोन, संदेशामुळे हिशेब प्रत्येकीच्या हातात आला. आधी हिशेब सचिवबाईलाच माहीत. आता ज्या बाईचे १०० रुपये आहेत, तिलाच कळतं की ते जमा झाले का. चूक असेल तर ती पुढच्या बैठकीत विचारू शकते. सचिवबाईवरचा संशयही यामुळे कमी होतो.

तीन, ॲपमध्ये तेच जातं जे वहीत असतं. बैठकच झाली नाही, वहीच लिहिली नाही, तर ॲप काय दाखवणार? आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र, नियमित दप्तर, हे आधीचं काम आहे. आता उमेदच्या गटांच्या नोंदी ‘लोकॉस’ ॲपमध्ये भरल्या जातात. त्यालाही हाच नियम लागू आहे. सीआरपी ताई माहिती भरायला आली की नुसती वही तिच्या हातात देऊ नका. शेजारी बसा, आपला आकडा काय भरला ते बघा.

माहिती मिळाली की पैसा कसा वाचतो

केरळच्या किनाऱ्यावरचं एक उदाहरण खूप गाजलेलं आहे. तिथे १९९७ ते २००१ या काळात किनाऱ्याच्या एकेका भागात मोबाइल पोचला. त्याआधी मच्छीमार मासे घेऊन जवळच्या एकाच बाजारात जायचे. तिथे माल जास्त झाला की भाव पडायचा आणि मासे फेकून द्यावे लागायचे. त्याच वेळी काही कोसांवर दुसऱ्या बाजारात गिऱ्हाईक माशांची वाट बघत असायचं. फोन आल्यावर मच्छीमार होडीतूनच भाव विचारायला लागले आणि जिथे मागणी तिथे जायला लागले. रॉबर्ट जेन्सन या अभ्यासकाने २००७ साली याचा हिशेब मांडला. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला, गिऱ्हाइकाला मासे ४ टक्के स्वस्त मिळाले, आणि फेकाफेक जवळपास थांबली.

इथे नीट बघा. मासे तेच, होडी तीच, मेहनतही तीच. फोनवर माहिती मिळाली, आणि त्या माहितीवरून त्यांनी वेगळा निर्णय घेतला: दुसऱ्या बाजारात गेले. फोन करूनही ते जवळच्याच बाजारात जात राहिले असते, तर एक रुपयाही वाढला नसता. आपल्या धंद्यातही हाच क्रम आहे: नोंद, मग माहिती, मग निर्णय, मग कमाई. मधली एक पायरी सुटली तरी शेवटची येत नाही.

एका पापड गटाचा हिशेब

हा हिशेब समजण्यासाठी घेतलेला आहे. तुमच्या गावचे भाव वेगळे असतील, ते घालून स्वतः मांडा.

समजा, १० जणींच्या गटाने उन्हाळ्यात १०० किलो उडदाचे पापड केले.

डाळ, मसाला, तेल: १६,००० रुपये
पॅकिंग: २,००० रुपये
गाडीभाडं: १,००० रुपये
एकूण खर्च: १९,००० रुपये

विक्री अशी झाली: ६० किलो दुकानदारांना २८० रुपये किलोने, म्हणजे १६,८०० रुपये. ४० किलो फोनवरच्या ऑर्डरीवर थेट गिऱ्हाइकाला ३३० रुपये किलोने, म्हणजे १३,२०० रुपये. एकूण ३०,०००.

तोंडी हिशेब सांगतो: ३०,००० मधून १९,००० गेले, ११,००० नफा झाला. सगळ्या खूश.

आता वही उघडू. दहा जणींनी सहा दिवस अर्धा-अर्धा दिवस काम केलं. अर्ध्या दिवसाची मजुरी १५० रुपये धरली तरी ९,००० रुपये होतात. म्हणजे खरा नफा २,०००. आणि दुकानदारांकडे ६,००० उधारी अजून यायची आहे. म्हणजे हातात आले २४,०००, खर्च गेला १९,०००, उरले ५,०००. एका बाईच्या वाट्याला ५०० रुपये. सहा अर्ध्या दिवसांची मजुरीच ९०० होते. म्हणजे मजुरीसुद्धा पूर्ण सुटली नाही, आणि आपण नफा झाला म्हणून पेढे वाटत होतो.

ही नोंद समोर आल्यावर गट काय ठरवू शकतो? उधारी सगळी दुकानदारांकडे आहे. थेट गिऱ्हाईक ५० रुपये जास्त देतं आणि पैसे आधी पाठवतं. म्हणून पुढच्या वेळी दुकानाचे २० किलो कमी करून थेट विकायचे. मग ४० किलोचे ११,२०० आणि ६० किलोचे १९,८००, एकूण ३१,०००. वाढीव खोक्यांचे २०० रुपये खर्चात धरा, खर्च १९,२००. दुकानातला माल कमी झाल्यावर उधारीही त्याच प्रमाणात ४,००० वर आली, तर हातात राहतात ७,८००. एका बाईला ५०० ऐवजी ७८०. माल तेवढाच, मेहनत जवळपास तेवढीच.

अर्थात थेट विक्री फुकट होत नाही. कुणीतरी रोज संदेशांना उत्तर द्यावं लागतं. पापड कुरिअरमध्ये मोडतात, त्यासाठी घट्ट खोकी लागतात. कुरिअरचे पैसे कोण देणार हे आधीच बोलून घ्यावं लागतं. ज्या ताईने हे काम केलं, तिची मजुरी हिशेबात धरा, नाहीतर वर्षभराने ती कंटाळून सोडून देईल.

गिऱ्हाईक कुठे शोधायचं? आपल्याच माणसांपासून सुरुवात करा. खान्देशची किती कुटुंबं सुरत, नाशिक, पुण्याला राहतात! त्यांना बिबडे, कळण्याचं पीठ, उडदाचे पापड तिथल्या दुकानात मनासारखे मिळत नाहीत. त्यांची एक यादी, हप्त्यातून एकच संदेश, स्पष्ट भाव आणि मालाचा खरा फोटो. एवढं जमल्यावर मग उमेदमार्टसारख्या ऑनलाइन बाजाराचा विचार करा. तिथे माल ठरलेल्या वजनाचा, ठरलेल्या दर्जाचा आणि वेळेवर लागतो.

नाव कोणाचं?

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या स्त्रियांना विचारलं होतं. स्वतः वापरत असलेलं बँक खातं ७९ टक्के स्त्रियांकडे होतं. स्वतः वापरत असलेला मोबाइल ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के.

म्हणजे खातं बाईचं, पण फोन घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी, अशा बाया खूप आहेत. आणि यूपीआय चालतं फोन नंबरवर. मग काय होतं? किराणा दुकान बाई चालवते, पण दारावरचा क्यूआर मुलाच्या किंवा मालकाच्या खात्याचा असतो. दिवसभर विक्री होते आणि संध्याकाळी पैसे दुसऱ्याच्या खात्यात. पूर्वी रोकड पदराच्या गाठीला तरी असायची. डिजिटल झाल्यावर तीही गेली.

घरचे लबाड असतात असं मुळीच नाही. “एकच घर आहे, कुणाच्याही खात्यात आले तर काय?” असं आपणच म्हणतो. पण उद्या बाई कर्ज मागायला बँकेत गेली तर तिच्या खात्यावर काही उलाढालच दिसत नाही. धंदा दहा वर्षांचा, पण कागदावर तिचा धंदाच नाही. धुळ्याच्या प्रयोगातून आपण हेच शिकलो: बँकेला जे दिसतं त्यावरच ती चालते.

म्हणून घरात भांडण न करता, शांतपणे एवढं करून घ्या:

१. सिम आपल्या नावावर घ्या, आणि तोच नंबर आपल्या बँक खात्याला जोडा.
२. धंद्याचा क्यूआर आपल्या खात्याचा काढा. बँकेत किंवा बँक सखीकडे विचारा.
३. गटाचा धंदा असेल तर पैसे गटाच्या खात्यात यावेत. गटाच्या खात्यावर दोन सह्या असतात, म्हणून पैसे स्वीकारण्यासाठी क्यूआर मिळेल का हे शाखेत विचारून घ्या. एका सदस्याच्या खात्यात गटाचे पैसे घेतले तर पुढे वाद होतात.
४. ‘उद्यम’ नोंदणी आपल्या नावाने करा. ती मोफत आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नका.
५. खाण्याचा पदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयची नोंदणी करा आणि १४ आकडी नंबर पाकिटावर छापा. त्याशिवाय मोठं दुकान किंवा ऑनलाइन बाजार माल घेत नाही.

सावध राहा

पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन फक्त पैसे द्यायला लागतो. “ताई, तुमच्या पापडाचे पैसे पाठवतो, पिन टाका” असं कुणी म्हटलं तर फोन ठेवा. ओटीपी कुणालाही सांगू नका, अगदी बँकेचं नाव घेतलं तरी. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनवर विश्वास ठेवून माल देऊ नका, आपल्या खात्यात जमा झाल्याचं बघा. अंगठा लावून पैसे काढताना एकदाच लावा आणि पावती घ्या. फसवणूक झालीच तर लाजू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

या महिन्याच्या बैठकीत करायचं काम

पाठ वाचून झाल्यावर अर्धा तास ठेवा. दोन-दोन जणी एकत्र बसा आणि ही उत्तरं वहीत लिहा:

१. आपल्या धंद्यात मागच्या महिन्यात किती विक्री झाली? उधारी किती? हे वही न बघता सांगता येतं का, आणि वही बघून तरी सांगता येतं का?
२. आपली स्वतःची मजुरी हिशेबात धरली होती का? धरली तर नफा किती उरतो?
३. विक्रीचे पैसे कोणाच्या खात्यात जातात? तो फोन कोणाच्या नावावर आहे?
४. मागच्या तीन महिन्यांत नोंद बघून आपण कोणता निर्णय बदलला? एकही नसेल तर का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर नवीन ॲप घेऊ नका. आधी एक महिना रोजची विक्री, खर्च आणि उधारी साध्या वहीत लिहा. महिना संपला की त्या वहीवरून एकच निर्णय घ्या. कुणी उधारीची मर्यादा ठरवेल, कुणी भाव दहा रुपयांनी वाढवेल, कुणी जो माल खपत नाही तो बंद करेल. त्याचा परिणाम काय झाला ते पुढच्या बैठकीत सांगा.

ज्यांना लिहिता येत नाही त्या ताईंनी मागे राहू नये. आपल्या लेकीला, सुनेला किंवा गटातल्या मैत्रिणीला रोज पाच मिनिटं लिहायला सांगा. पण आकडा तुम्ही सांगा. आपल्या धंद्याचा आकडा आपल्याला पाठ असला पाहिजे.

ग्रामसंघाच्या बैठकीत प्रत्येक गटाने आपली उत्तरं आणावीत. ज्या गटांची क्यूआर किंवा खात्याची अडचण आहे त्यांची एक यादी करून ग्रामसंघाने बँक सखीकडे द्यावी, म्हणजे सगळ्यांचं काम एकाच दिवशी होईल.